नवा फोर्क, जुनी डिस्क : जुळणी कशी पारखावी?

मोटारसायकलचा मूळ फोर्क काढून त्या जागी मोठ्या गाडीचा जाडजूड 'उलटा' फोर्क बसविण्याची हौस पुण्यातील तरुण दुचाकीस्वारांमध्ये चांगलीच रुजली आहे. गाडीचा पुढचा भाग भारदस्त दिसतो, वळणावर ती अधिक स्थिर वाटते आणि खड्ड्यांचे हादरे कमी बसतात, ही त्यामागची कारणे. मात्र फोर्क निवडताना बहुतेकांची नजर पाइपच्या जाडीवर आणि रंगावर खिळलेली असते. चाकाला लावलेली ब्रेकची डिस्क या नव्या फोर्कशी जुळते की नाही, हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर पुढे येतो. तोपर्यंत गॅरेजमध्ये जुना फोर्क सुटलेला असतो आणि मग वॉशर, पट्ट्या व वेल्डिंग यांच्या साह्याने 'जमवून' घेतले जाते. गाडी थांबविण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करीत असल्याने ही जमवाजमव जिवाशी येऊ शकते. वास्तविक मोजपट्टी आणि व्हर्नियर हाताशी असेल, तर ही जुळणी खरेदीपूर्वीच पारखता येते.

कारखाने जवळ, भाग हाताशी

फोर्क बदलण्याची ही हौस पुण्यातच एवढी का वाढली, याचे उत्तर शहराच्या भूगोलात आहे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना शहरापासून तासाभराच्या अंतरावर. पल्सर तेथेच तयार होते आणि केटीएमच्या लहान क्षमतेच्या ड्यूकही तेथूनच बाहेर पडल्या. फोर्क व ब्रेक बनविणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने वाळूज आणि चाकण परिसरात आहेत. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा 'बायब्रे' या नाममुद्रेचे ब्रेक बनविणारा कारखानाही पुणे परिसरातच आहे. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगा आहेत, तर अपघातग्रस्त गाड्यांतून निघालेले भागही बाजारात सहज मिळतात. त्यामुळे एका गाडीचा फोर्क, दुसरीचे चाक आणि तिसरीचा कॅलिपर एकाच दुपारी गोळा करणे येथे अवघड नाही.

अडचण अशी, की दिसायला सारखे असणारे हे भाग मापाला सारखे नसतात. २००१ मध्ये आलेल्या पल्सर १८० ला पुढे २४० मिलिमीटर व्यासाची डिस्क होती. २००७ च्या पल्सर २२० ला २६० मिलिमीटरची, २०१२ च्या पल्सर २०० एनएसला २८० मिलिमीटरची आणि डिसेंबर २०१६ मध्ये दाखल झालेल्या डॉमिनार ४०० ला ३२० मिलिमीटरची डिस्क मिळाली. पंधरा वर्षांत एकाच कारखानदाराच्या पुढच्या डिस्कचा व्यास ८० मिलिमीटरने वाढला. २०१७ च्या ड्यूक ३९० ची डिस्कही ३२० मिलिमीटरची होती. यांतील प्रत्येक डिस्कसाठी फोर्कवरील कॅलिपरची जागा वेगळी आहे.

डिस्क चाकावर, कॅलिपर फोर्कवर

जुळणीचा सारा प्रश्न एका साध्या वस्तुस्थितीतून निर्माण होतो. डिस्क चाकाच्या हबवर बसते. तिला पकडणारा कॅलिपर मात्र फोर्कवर बसतो. नेहमीच्या फोर्कमध्ये वरच्या टी-स्टेममध्ये क्रोमचा बारीक पाइप धरलेला असतो आणि खालची जाड नळी, जिला बाजारात 'बॉटम' म्हणतात, ती त्यावर खालीवर सरकते. उलट्या, म्हणजेच यूएसडी फोर्कमध्ये जाड नळी वर आणि क्रोमचा पाइप खाली असतो. पाइपच्या टोकाशी एक्सल धरणारा पाय असतो. दोन्ही प्रकारांत कॅलिपर सरकत्या खालच्या भागावरच असतो. पहिल्या प्रकारात तो बॉटमला ओतीव कानांवर बसतो, दुसऱ्यात एक्सलच्या पायावर. हे कान कोणत्या व्यासाच्या डिस्कसाठी, चाकाच्या मध्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला असावेत, हे कारखान्यात ठरते. नंतर त्यात बदल करता येत नाही. फोर्क बदलला की कॅलिपरची जागा बदलते आणि डिस्क मात्र आपल्या जुन्या जागीच राहते.

म्हणूनच डिस्क जुन्या चाकाला व्यवस्थित बसते, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. ती व्यास, प्रतल आणि जाडी या तिन्ही बाबतींत नव्या फोर्कवरील कॅलिपरशी जुळली पाहिजे.

पहिली कसोटी : व्यास

कॅलिपरमधील ब्रेक पॅड डिस्कवर एक ठरावीक पट्टा घासतात. हा पट्टा डिस्कच्या बाहेरील कडेच्या किंचित आतून सुरू व्हावा आणि आतील भोकांच्या किंवा जोडपट्ट्यांच्या अलीकडे संपावा, अशी रचना असते. व्यासात फरक पडला, की कॅलिपर त्याच्या निम्म्याने आत किंवा बाहेर हवा. डिस्क २० मिलिमीटरने मोठी झाली, तर कॅलिपर १० मिलिमीटर बाहेर सरकला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. फोर्क ३२० मिलिमीटरच्या डिस्कसाठी बनविलेला आहे आणि पॅडची उंची ३० मिलिमीटर आहे. अशा फोर्कवर पॅड चाकाच्या मध्यापासून साधारण १३० ते १६० मिलिमीटरच्या पट्ट्यात काम करतात. चाकावरची जुनी डिस्क मात्र २८० मिलिमीटरची, म्हणजे तिची कड मध्यापासून १४० मिलिमीटरवर संपते. परिणामी पॅडचा केवळ खालचा एक तृतीयांश भाग डिस्कला टेकतो आणि उरलेला दोन तृतीयांश हवेत राहतो. पॅड एका कडेने झिजतात आणि न झिजलेल्या भागाचे ओठ डिस्कच्या बाहेर एकमेकांच्या दिशेने येतात. ते एकमेकांना भिडले, की लिव्हर कितीही दाबले तरी डिस्कवरची पकड वाढत नाही. गॅरेजच्या दारात हळू वेगाने घेतलेल्या चाचणीत हा दोष लक्षात येत नाही, कारण त्या वेळी पॅड नवे असतात.

उलट चूकही घडते. २८० च्या डिस्कसाठी बनलेल्या फोर्कवर ३०० ची डिस्क लावली, तर डिस्कची कड कॅलिपरच्या पुलाला, म्हणजे दोन बाजू जोडणाऱ्या भागाला घासते. चाक फिरतच नसल्याने ही चूक निदान लगेच कळते. परंतु अशा वेळी कॅलिपरची आतील बाजू ग्राइंडरने तासून जागा करण्याचा मोह अनेकांना होतो. लिव्हर दाबल्यावर कॅलिपर उघडू पाहतो आणि तो ताण याच पुलावर येतो. त्यामुळे तेथील धातू तासणे म्हणजे ब्रेकचा कणा पोखरणे होय.

मोठी डिस्क लावण्याचा हेतू बहुधा ब्रेक जोरदार करण्याचा असतो, तेव्हा त्यातून नेमके किती मिळते हेही पाहिले पाहिजे. ब्रेकचा जोर ठरतो तो डिस्कच्या कडेवर नव्हे, तर पॅडच्या मध्याच्या अंतरावर. ३० मिलिमीटर उंचीचा पॅड धरला, तर २४० च्या डिस्कवर हे अंतर १०५, २८० च्या डिस्कवर १२५ आणि ३०० च्या डिस्कवर १३५ मिलिमीटर येते. २४० वरून २८० वर जाताना जोर सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, २८० वरून ३०० वर जाताना मात्र केवळ ८ टक्क्यांनी. एवढ्याशा लाभासाठी सगळी जुळणी पणाला लावावी का, याचा विचार आधीच व्हावा. शिवाय अखेरची मर्यादा टायरच्या पकडीची असते. झिजलेल्या टायरवर मोठी डिस्क चाक लवकर लॉक करते, एवढेच.

दुसरी कसोटी : प्रतल

व्यासाची चूक डोळ्यांना दिसते, प्रतलाची दिसत नाही. चाकाच्या मध्यरेषेपासून डिस्क किती बाहेर उभी आहे आणि फोर्कच्या मध्यरेषेपासून कॅलिपरची खाच किती बाहेर आहे, ही दोन अंतरे समान हवीत.

चाकाचे माप घेणे सोपे आहे. रिमच्या कडेवर सरळ पट्टी धरून तेथून डिस्कच्या जाडीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग मिळवावा. डिस्क रिमच्या कडेच्या आत असेल, तर मिळविण्याऐवजी वजा करावे. फोर्कच्या बाबतीत दोन्ही पाय टी-स्टेममध्ये बसवून, एक्सल घालून, पायांच्या आतील बाजूंमधील अंतर मोजावे. समजा ते १३० मिलिमीटर आहे. म्हणजे मध्य ६५ वर आला. कॅलिपरच्या खाचेचा मध्य पायाच्या आतील बाजूपासून १२ मिलिमीटर आत असेल, तर तो मध्यरेषेपासून ५३ मिलिमीटरवर ठरतो. चाकावरील डिस्क ५० वर असेल, तर तीन मिलिमीटरचा फरक राहिला.

तीन मिलिमीटर क्षुल्लक वाटतात. बहुतेक भारतीय गाड्यांचे कॅलिपर पिनांवर सरकणारे असल्याने ते तेवढे सरकून डिस्कला धरतातही. पण ही सरक पॅड झिजतील तसे कॅलिपरने जागा बदलावी, यासाठी ठेवलेली असते. ती पहिल्याच दिवशी संपली, तर पुढे एका बाजूचा पॅड डिस्कला सतत घासत राहतो आणि डिस्क तापते. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या न सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये तर इतका फरक मुळीच चालत नाही.

हा फरक भरून काढण्याचे मार्ग सर्वच योग्य नाहीत. एक्सलवरील बुश लहान-मोठे करून चाक एका बाजूला सरकविणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग. त्यामुळे डिस्क जागेवर येते, पण पुढचे चाक मागच्या चाकाच्या रेषेतून बाहेर जाते. डिस्कच्या बोल्टखाली सुटे वॉशर घालणेही धोक्याचे, कारण ब्रेक लावताना डिस्कवर येणारा बाजूचा जोर मग हबच्या पृष्ठभागाऐवजी बोल्टच्या दांड्यावर येतो. कॅलिपरच्या बाजूने जाडी साधणारा, एका तुकड्यात मशीनवर कापलेला ब्रॅकेट हा त्यातल्या त्यात सुरक्षित उपाय होय. तोही अनुभवी टर्नरकडून आणि मापे लिहून देऊन करून घ्यावा.

हब, बोल्ट आणि जाडी

फोर्कसोबत त्याच गाडीची डिस्कही आणली आणि ती जुन्या चाकाला लावायची ठरविली, तर हबवरची बैठक तपासावी लागते. बोल्ट किती, ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती आणि डिस्कच्या मधल्या भोकाचा व्यास किती, ही तीन मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. समोरासमोर बोल्ट असतील, तर दोन बोल्टच्या मध्यांमधील अंतर हाच वर्तुळाचा व्यास. पाच बोल्ट असतील, तर शेजारच्या दोन बोल्टमधील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. तीन बोल्ट असतील, तर १.१५५ ने. मधले भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसून डिस्कला मध्यात ठेवते. हे भोक सैल असेल, तर बोल्ट कितीही आवळले तरी डिस्क किंचित लंबगोल फिरते आणि लिव्हरमध्ये ठोके जाणवतात. जुळत नाही म्हणून डिस्कमध्ये नवी छिद्रे पाडणे हा प्रकार सर्वथा वर्ज्य समजावा. छिद्राच्या कडेपासूनच तडे सुरू होतात.

डिस्कच्या अंगावर तिची किमान जाडी कोरलेली असते. चार मिलिमीटरच्या डिस्कसाठी ती बहुधा साडेतीनच्या आसपास असते. जुन्या बाजारातून आणलेली डिस्क घासल्या गेलेल्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी मोजावी. कडेवर मोजल्यास न झिजलेली जाडी मिळून फसगत होते. पाच मिलिमीटरच्या डिस्कसाठी बनलेल्या कॅलिपरमध्ये झिजलेली चारची डिस्क घातली, तर पॅड संपत आल्यावर पिस्टन बेताबाहेर पुढे येतात. निळसर डाग, छिद्रांजवळील केसासारखे तडे किंवा वाकल्याची शंका आल्यास डिस्क नाकारावी. बसविल्यावर डिस्कचा डोल डायल गेजने पाहावा. निरनिराळ्या कारखानदारांच्या पुस्तिकांत त्याची मर्यादा ०.१० ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान दिलेली आढळते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

कॅलिपरची बैठक आणि बाजू

कॅलिपर फोर्कवर दोन पद्धतींनी बसतो. जुन्या पद्धतीत बोल्ट एक्सलला समांतर, आडवे जातात. नव्या 'रेडियल' पद्धतीत ते चाकाच्या परिघाकडून मध्याच्या दिशेने जातात. पहिल्या प्रकारचा कॅलिपर दुसऱ्या प्रकारच्या कानांवर बसत नाही आणि मधला ब्रॅकेट करायचा झाला, तर त्यावर ब्रेकचा पूर्ण जोर येतो. रेडियल कॅलिपरला मोठ्या डिस्कसाठी बाहेर सरकविणे तुलनेने सोपे, कारण बोल्टखाली योग्य उंचीचे घट्ट बुश घातले की तो थेट बाहेर जातो. मात्र तेवढेच लांब बोल्टही घ्यावे लागतात, अन्यथा आटे अपुरे धरले जातात.

डिस्क चाकाच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या आणि नव्या फोर्कवर कान कोणत्या पायाला आहेत, हा तपशील अनेकदा शेवटी लक्षात येतो. बाजू उलट निघाल्यास चाक फिरवून लावणे हा उपाय नव्हे. टायर आणि खाचांची डिस्क यांना फिरण्याची ठरलेली दिशा असते. स्पीडोमीटरचा गिअर आणि एबीएसचा सेन्सर यांच्या जागाही त्यामुळे चुकतात. एक्सलची जाडी आणि चाकाच्या बेअरिंगचे आतील माप हेही याच वेळी पाहावे. ते वेगळे असल्यास बेअरिंग बदलावे. एक्सलवर नळी चढवून अंतर भरू नये.

एबीएसची कडी

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांमध्ये फोर्क बदलण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनला. डिस्कजवळ हबवर एक दातेरी कडी असते आणि फोर्कवरचा सेन्सर तिचे दाते मोजून चाकाचा वेग कळवितो. कडीवर मूळ ४८ दाते असताना नवी ६० दात्यांची लावली, तर पुढचे चाक प्रत्यक्षाहून २५ टक्के वेगाने फिरत असल्याचे संगणकाला वाटेल. मग एक तर एबीएसचा दिवा पेटून यंत्रणा बंद पडते किंवा ती नको त्या क्षणी ब्रेक सोडते. दात्यांची संख्या, कडीचा व्यास आणि सेन्सर व कडी यांतील फट ही तिन्ही मूळ गाडीप्रमाणे राहतील अशीच रचना हवी. सेन्सरसाठी नव्या फोर्कवर जागाच नसेल, तर तो फोर्क त्या गाडीसाठी नाही, असे समजून परत करणे शहाणपणाचे.

लिव्हरपासून पॅडपर्यंत

कॅलिपर बदलला, की हँडलवरील मास्टर सिलिंडरही जुळावा लागतो. कॅलिपरमधील पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ यांच्या प्रमाणावर लिव्हर किती कडक व किती लांब हे ठरते. मास्टर सिलिंडरचे माप बहुधा त्याच्या अंगावर ओतलेले असते. १४ मिलिमीटरच्या जागी १२.७ मिलिमीटरचा लावला, तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटते. तेवढ्याच बोटाच्या जोरात दाब सुमारे २१ टक्के अधिक मिळतो, पण लिव्हरही तेवढेच अधिक दाबावे लागते. मोठ्या कॅलिपरला लहान मास्टर सिलिंडर जोडल्यास लिव्हर थेट मुठीला टेकण्याचा संभव असतो.

ब्रेकचा पाइप फोर्क पूर्ण उघडलेला असताना आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळविलेले असताना ताणला जात नाही ना, हे पाहावे. ब्रेक ऑइल गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० अंश. ओलावा शोषल्यावर तो अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. पुण्याच्या पावसाळ्यानंतर जुने ऑइल बदलण्याचा आग्रह धरला जातो तो याचसाठी.

घाटाचा हिशेब

डिस्कची अर्धीमुर्धी जुळणी शहरातल्या सिग्नलवर निभावून जाते, घाटात निभावत नाही. त्यामागचे गणित साधे आहे. गाडी व स्वार मिळून २२० किलो वजन धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबताना ब्रेकना सुमारे ३१ किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तेच वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणताना सुमारे २१६ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे दर १०० मीटरच्या उतारावर सात वेळा कचकचून थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. त्यातील जो भाग इंजिन आणि वारा घेत नाही, तो ब्रेकवर येतो. दिवे घाट, कात्रजचा जुना घाट किंवा सिंहगडाचा रस्ता उतरताना एक तृतीयांश टेकलेला पॅड हीच उष्णता तेवढ्याशा जागेत साठवितो. पॅडची पकड घटते, ऑइल उकळू लागते आणि नेमक्या शेवटच्या वळणावर लिव्हर पोकळ लागते.

तपासणीचा क्रम

खरेदीपूर्वी आणि बसविल्यानंतर पुढील क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक चुका टळतात.

१. टी-स्टेमची लांबी, कोनसेटचे माप आणि फोर्कची एकूण उंची जुन्याशी ताडून पाहावी. फोर्क आखूड असेल, तर गाडीचे नाक खाली जाऊन हँडल अस्थिर होते.
२. एक्सल, बेअरिंग आणि चाकाची रुंदी जुळवावी.
३. कॅलिपरचे कान कोणत्या पायाला व कोणत्या पद्धतीचे आहेत, हे नोंदवावे.
४. डिस्कचा व्यास, जाडी, बोल्टचे वर्तुळ आणि मधले भोक मोजावे.
५. चाकाची व फोर्कची प्रतलाची मापे काढून ती समान आहेत का, हे पाहावे.
६. एबीएस असल्यास कडीचे दाते मोजावेत आणि सेन्सरची जागा तपासावी.
७. सर्व भाग सैलसर बसवून डिस्कवर मार्करने आडव्या रेघा ओढाव्यात, चाक फिरवून ब्रेक हलका दाबावा आणि पॅडने पुसलेला पट्टा पाहावा. पट्टा डिस्कच्या कडेच्या आत, पूर्ण उंचीचा आणि दोन्ही बाजूंना सारखा असला पाहिजे.
८. डिस्कचे बोल्ट नवे घेऊन, आटे घट्ट धरणारे द्रव्य लावून, समोरासमोरच्या क्रमाने पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे आवळावेत.
९. फोर्क पूर्ण दाबून टायर, मडगार्ड, पाइप आणि रेडिएटर यांत अंतर राहते का, ते पाहावे.
१०. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक लावून पॅड बसवावेत आणि त्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कारखानदाराने मूळ नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल वा बाहेरचे भाग बसविणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणतेही मॉडेल रस्त्यावर येण्यापूर्वी त्याच्या ब्रेकची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून झालेली असते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची कोथरूडच्या टेकडीवरील वास्तू पुणेकरांच्या परिचयाची आहे. त्या चाचणीतील प्रमाणपत्र मूळ फोर्क, मूळ चाक आणि मूळ डिस्क या संचाचे असते. संच मोडला, की त्या प्रमाणपत्राचा आधार उरत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संगम पुलाजवळील आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. जुना भाग घेताना पक्के बिल घेणे हे तर ओघानेच आले.

कारखान्याने काय केले?

या विषयातील सर्वांत बोलका दाखला खुद्द कारखानदाराने घालून दिला आहे. बजाजने २०१९ मध्ये डॉमिनार ४०० ला उलटा फोर्क दिला, तेव्हा ३२० मिलिमीटरची डिस्क कायम ठेवली आणि नव्या फोर्कवरील कॅलिपरची जागा त्या डिस्कसाठी आखून घेतली. २०२३ मध्ये पल्सर एनएस २०० ला उलटा फोर्क मिळाला, तेव्हा हलकी चाके आणि दोन चॅनेलचे एबीएसही सोबतच आले. चाक, डिस्क, कॅलिपर आणि फोर्क यांचा विचार एकच संच म्हणून झाला.

सामान्य दुचाकीस्वाराने यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. बदल करायचाच असेल, तर टी-स्टेम, फोर्क, एक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर हे सारे एकाच गाडीचे घ्यावे. मग जुळवायचे उरते ते चौकटीशी आणि एबीएसशी. तेवढा खर्च परवडत नसेल, तर गाडीचा स्वतःचा फोर्क उघडून नवे ऑइल, नवे सील आणि आवश्यक तेथे नवी स्प्रिंग घालावी. मऊ पडलेला, ब्रेक लावताच खाली बसणारा पुढचा भाग अनेकदा एवढ्यानेच सुधारतो. मूळ डिस्क आणि कॅलिपर यांची कारखान्यात जुळलेली जोडीही मग तशीच राहते.